जेवणाच्या सुट्टीतली कादंबरी

कामशेतच्या वाचनालयातून मी ती कादंबरी घेतली तेव्हा तिथल्या बाईंनी माझ्या हातात देण्याआधी पुस्तक दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे विज्ञानाचं आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या काळातलं. तुम्हाला कौटुंबिक काहीतरी देऊ का?"

"हेच द्या," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर तोवर मला ते पुस्तक हवंच होतं असं नाही. मुखपृष्ठावर एका बाईचं मनगट होतं आणि त्यावर निळसर उजेड पडला होता, ते बघून मी उचललं होतं. पण त्यांनी तसं विचारल्यावर मात्र ते घेतल्याशिवाय मी तिथून हलणार नव्हते.

मी लोणावळ्याच्या एका मोठ्या हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. तेव्हा काम मजल्यावर, म्हणजे खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, बाथरूम घासायच्या. घर कार्ल्याच्या डोंगराखाली. सकाळी फाट्यावर बस मिळाली तर बस, नाहीतर सहा सीटर. वाचन होतं ते त्याच प्रवासात. नवरा सोमाटण्याच्या पुढे एका कारखान्यात कामाला जातो. त्याला माझ्या वाचनाचं काही वाटत नाही, पण यंत्रमानव आणि परग्रहांच्या गोष्टी बायकोने वाचाव्यात याची त्याला गंमत वाटायची.

या कादंबरीत परग्रह नव्हता. आजपासून वीस-पंचवीस वर्षं पुढचं एक शहर होतं. तिथे प्रत्येकाच्या मनगटावर एक कडं असतं आणि लोक त्याला सोबती म्हणतात. सोबती नाडी मोजतो, चालण्याचा वेग मोजतो, आवाजातला कंप ओळखतो. पहिल्याच पानावर नायिका झोपेतून उठते आणि सोबती तिला सांगतो की आज तू उदास आहेस. ती विचार करते, खरंच आहे का मी उदास? तिला काही ठरवता येत नाही. शेवटी ती मान्य करते की असेन. त्या पानावर मी इतकी अडकले की माझा थांबा मागे गेला आणि स्टँडवर उतरून मला उलटं चालत यावं लागलं.

नायिका इंजिनिअर. सोबतीला माणसं वाचायला शिकवणं हेच तिचं काम. आधी तो कुणावर लादलेला नसतो. वाढदिवसाला मिळतो, लग्नात आहेर म्हणून येतो, नव्या नोकरीत पहिल्या दिवशी हातात पडतो. मग हळूहळू अशी वेळ येते की ज्याच्या हातात सोबती नाही त्याला दारंच उघडत नाहीत.

माझ्याबरोबर आमच्या मजल्यावर एक मावशी होत्या. वयाने माझ्या आईएवढ्या. वरच्या डोंगरातल्या वाडीतून रोज खाली यायच्या, निम्मी वाट पायी. शाळा त्यांनी पाहिली होती ती बाहेरून. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तळघरातल्या खोलीत त्यांनी माझ्या पुस्तकावर बोट ठेवलं.

"काय गं एवढं वाचती?"

"गोष्ट आहे मावशी. पुढच्या काळातली."

"पुढचा काळ कुनी बघितलाय?"

"कुणीच नाही. लिहिणाऱ्याने मनाने रचलाय."

"मग वाच की मोठ्यांदा. आमी बी ऐकतो."

मोठ्याने वाचायची मला लहानपणापासून सवय. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं आणि माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो म्हणून वाचायला मला बसवायचे. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ऐकायच्या आणि एखादी ओळ राहिली की बरोबर ओळखायच्या. तेव्हापासून मला माहीत आहे की ऐकणारं माणूस वाचणाऱ्यापेक्षा कमी वाचत नसतं.

तर मी वाचायला लागले. भाकरी खात खात, एक-दोन पानं. थोड्याच दिवसांत आमच्या टेबलाभोवती इतर मजल्यांवरच्या बायका यायला लागल्या. कुणी विचारलं, ती इंजिनिअर बाई लग्न झालेली आहे का? कुणी म्हणालं, ते कडं हातात घालून भांडी कशी घासत असतील? मावशींचा प्रश्न वेगळा होता.

"त्ये कडं काढून ठिवलं तर काय हुतंय?"

"माहीत नाही मावशी. अजून तिथवर आलो नाही."

आम्ही साधारण मध्यावर आलो असू, तेव्हा हॉटेलात पट्टे आले. मी हे जुळवून सांगत नाहीये. त्या दिवशी सगळ्यांना सकाळी खाली बोलावलं होतं. आमचे मॅनेजर तरुण होते, पुण्याहून आलेले, बोलायला गोड. टेबलावर एकीकडे पेढ्यांचे बॉक्स आणि दुसरीकडे काळ्या रबरी पट्ट्यांचा ढीग.

"हा सेफ्टी बँड," ते म्हणाले. "तळघरात कुणी घसरून पडलं तर आम्हाला लगेच कळेल. गेस्टने बोलावलं तर जी सगळ्यात जवळ असेल तिलाच मेसेज जाईल. म्हणजे तुमची धावपळ वाचली. मॅनेजमेंटतर्फे ही तुम्हाला भेट आहे."

टाळ्या झाल्या. मावशी माझ्या कानाशी आल्या. "ह्यो त्योच का गं?"

मी हात वर केला. "सर, हे दिसणार कुणाला?"

"सिस्टीमला."

"सिस्टीम म्हणजे कोण?"

ते हसले. "ताई, पेढा घ्या."

मी पेढा घेतला नाही. पट्टा घालावा लागला.

सिस्टीम कोण ते लवकरच कळलं. ऑफिसच्या भिंतीवर एक मोठा टीव्ही लागला. त्यावर मजल्यांचा नकाशा आणि नकाशात आम्ही. प्रत्येक बाई म्हणजे एक हिरवा ठिपका. एका जागी जास्त वेळ राहिलं की ठिपका पिवळा, त्याहून जास्त राहिलं की लाल. पहिले काही दिवस बायका येताजाता थांबून आपला ठिपका शोधायच्या, हसायच्या. मग हसणं बंद झालं. पाणी प्यायला थांबताना मनगटाकडे बघायची सवय लागली. एक जण मला म्हणाली, संडासात बसले तरी घाई होते, वाटतं कुणीतरी दाराबाहेर उभं आहे.

आणि एका सकाळी मॅनेजरनी सगळ्यांसमोर त्या टीव्हीवर बोट ठेवलं.

"तिसऱ्या मजल्याच्या जिन्याजवळ रोज पिवळं होतंय. मावशी, तिथे काय काम असतं तुमचं?"

मावशी खाली बघत राहिल्या.

"बोला ना. मी रागावत नाहीये."

"उबी ऱ्हाते सायेब."

"ते दिसतंयच. का उभ्या राहता?"

मागे कुणीतरी हसलं. मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. या बाईने डोंगर उतरताना कधी कुणाचा हात धरला नव्हता. इथे, एका भिंतीवरच्या टीव्हीपुढे, तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला ते सहन झालं नाही.

"सर, त्या का थांबतात ते मी सांगते. बाथरूमच्या फरशीला जे लिक्विड आहे त्याच्या वासाने त्यांचा श्वास कोंडतो. बाथरूमला खिडकी नाही, जिन्यात आहे. तिथे जाऊन त्या श्वास घेतात."

"मी त्यांना विचारलं होतं."

"त्या नाही सांगणार. त्यांना वाटतं, दम लागतो म्हटलं तर कामावरून काढाल. तुम्हाला ठिपका पिवळा झालेला दिसला. दम लागलेला दिसला नाही."

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुमच्या डोक्यात हे सगळं कोण भरतंय?"

"कुणी नाही. मी एक कादंबरी वाचतेय."

आता सगळेच हसले, तेही हसले. "कादंबरी घरी वाचायची ताई."

दुसऱ्या दिवशी तळघराच्या दारावर सूचना लागली, की जेवणाच्या खोलीत पुस्तकं आणि वाचन चालणार नाही.

घरी सांगितलं तर नवरा चिडला. "आमच्याकडं गेटवर कॅमेऱ्याला चेहरा दाखवल्याशिवाय आत घेत न्हाईत. आम्ही काय मेलो का? तुलाच कशाला पुढं पुढं करायचं?"

"तुम्ही विचारलं होतं का, तो चेहरा कुठं जातो?"

"विचारून काय होतं?"

"मला बघायचंय काय होतं ते."

तो जेवून उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याची काळजी खोटी नव्हती. लोणावळ्यात हॉटेलं पुष्कळ आहेत, पण सगळे मॅनेजर एकमेकांना ओळखतात. मलाही भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणून विचारायचं नाही, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमच्या घरात तर नाहीच.

सकाळी मी पुस्तक घेऊन गेले. पिशवीत खाली दडपून नाही, हातात धरून. गेटवरचा वॉचमन बिचारा अडचणीत पडला. "ताई, आत न्यायला मनाई आहे."

"मग तुमच्याकडं ठेवा. संध्याकाळी नेते. पान मोडू नका."

दुपारी बायका टेबलाभोवती जमल्या. माझ्या हातात काही नव्हतं. मावशी म्हणाल्या, "म्हंजी आज न्हाई व्हय?"

"आज सांगते," मी म्हटलं. वाचायला बंदी होती, सांगायला नव्हती. पुढचं प्रकरण मी घरून वाचूनच आले होते.

त्या प्रकरणात नायिकेच्या ऑफिसातला एक माणूस सोबती काढून ठेवतो. त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत असतात, आणि त्या वेळी आपल्या छातीत काय होतंय हे कुणी मोजावं असं त्याला वाटत नाही. रात्रभर तो वडिलांजवळ बसतो. सकाळी ऑफिसचं दार त्याला ओळखत नाही. घराचंही नाही. सोबती परत घातला तर तो विचारतो, मधला वेळ तू कुठे होतास? त्या माणसाला उत्तर द्यायचं नसतं. तो शहरात फिरत राहतो आणि कादंबरीतून निघूनच जातो.

मी थांबले. मावशी म्हणाल्या, "एकट्यानं काढलं म्हून तसं झालं."

त्यांनी मनगटावरचा पट्टा सोडवला. शांतपणे, बांगडी उतरवावी तसा. समोर त्यांचा भाकरीचा डबा होता, रिकामा. त्यात टाकला.

"समद्यांनी काढलं आस्तं तर दारं कुनासाठी उघडली आस्ती?"

मी माझा पट्टा काढून त्यात टाकला. मग शेजारच्या बाईने. एक जण म्हणाली, मला नको बाई, माझी पोरं लहान आहेत, आणि उठून गेली. तिला कुणी बोल लावला नाही. थोड्या वेळाने ती परत आली आणि तिनेही टाकला. डबा भरला तेव्हा मावशींनी झाकण लावलं, डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि आम्ही आपापल्या मजल्यावर कामाला गेलो.

ती दुपार मला फार आवडते. शनिवार होता, नवीन पाहुणे यायचे होते. आम्ही खोल्या केल्या, चादरी ताणल्या, आरसे पुसले. ज्या बाईला दम लागला ती थांबली आणि दम गेल्यावर पुन्हा कामाला लागली. सगळ्या खोल्या वेळेत तयार झाल्या. तिकडे टीव्हीवर मात्र आम्ही सगळ्या जेवणाच्या खोलीत एकाच जागी लाल होऊन बसलो होतो. मॅनेजर धावत खाली गेले, असं नंतर स्वयंपाकघरातल्या लोकांनी सांगितलं. त्यांना वाटलं, विषबाधा वगैरे झाली की काय. खोली रिकामी होती. टेबलावर डबा होता.

संध्याकाळी त्यांनी बोलावलं. डबा त्यांच्या टेबलावर होता. आवाज चढलेला नव्हता, पण गोडपणाही उरला नव्हता.

"याची लीडर कोण?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "डबा माझा हाय."

"सर," मी म्हटलं, "आम्ही काम सोडलं नाही. खोल्या बघून घ्या. आमचं म्हणणं ऐका. जेवताना पट्टा नाही. संडासात आणि कपडे बदलताना पट्टा नाही. आणि त्या टीव्हीवरून कुणालाही सगळ्यांसमोर विचारायचं नाही. विचारायचं असेल तर बाजूला घेऊन विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या."

"आणि नाही मानलं तर?"

"तर उद्या पण डब्यात."

त्यांनी वरच्या लोकांशी बोलतो म्हणून सांगितलं. आम्ही उभ्याच राहिलो. शेवटी तिथेच फोन झाला. पहिल्या दोन गोष्टी मिळाल्या. तिसरीला 'बघू' म्हणाले, पण पुढच्याच आठवड्यात टीव्ही भिंतीवरून निघाला आणि आतल्या केबिनमध्ये गेला. म्हणजे ठिपके राहिले, फक्त आम्हाला दिसेनासे झाले. हे काही मोठं जिंकणं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बाथरूमचं लिक्विड मात्र बदललं, आणि मावशींना मास्क मिळाला.

मला लॉन्ड्रीत पाठवलं. "तिथे शांतता असते, वाचायला बरं," मॅनेजर म्हणाले. लॉन्ड्रीत मशीनच्या आवाजात स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही आणि वाफेने अंग भिजून जातं. मी बरं म्हणून गेले. त्यांना माझा पडलेला चेहरा बघायचा होता, तो मी दाखवला नाही.

लॉन्ड्रीची जेवणाची सुट्टी वेगळ्या वेळी असायची, त्यामुळे आता मावशी आणि मी दुपारी भेटत नव्हतो. म्हणून कादंबरीचा शेवट मी त्यांना कार्ल्याच्या फाट्यावर वाचून दाखवला. ड्युटी सुटल्यावर तिथल्या चिक्कीच्या दुकानाबाहेर बाकावर आम्ही बसायचो, त्यांची वाडीकडची गाडी येईपर्यंत.

शेवट असा होता. नायिका सोबती नदीत फेकते आणि शहर सोडून सह्याद्रीतल्या एका वाडीत येते. तिथे धुकं असतं, ओढा असतो. वीज नाही, फोन नाही, कुठलंही यंत्र नाही. एक म्हातारी तिला काही न विचारता भाकरी देते. नायिका चुलीच्या उबेला झोपते आणि कितीतरी वर्षांनी तिला शांत झोप लागते. पुस्तक संपतं.

मी पुस्तक मिटलं.

"ही वाडी कुटली?" मावशींनी विचारलं.

"नाव दिलेलं नाही. आपल्याकडचीच वाटते."

"लाईट न्हाई?"

"नाही."

"मोबाईल न्हाई?"

"नाही."

"आन भाकरी देनारी म्हातारी म्हंजी मी."

आणि त्या हसायला लागल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या. "माझा नातू टेकाडावर जाऊन बसतोय, का तर तितं रेंज येती. आमच्या डोक्यावरनं विजंच्या तारा गेल्यात मुंबैला. खाली धरान, पल्याड हायवे. आन ही बया शांत झोपाया आमच्याकडं आली. मी हितं पट्टा बांधून कामाला येते, आन ही माझ्याच घरात पळून आली."

मला राग आला. लेखकाचा नाही, मावशींचा. इतके दिवस मी जीव ओतून वाचलं होतं. "मावशी, ते पुस्तक नसतं तर मी त्या दिवशी पेढा खाऊन गप्प बसले असते. हे दिसणार कुणाला, असं विचारायचं असतं हे मला त्यानं सुचवलं."

"त्ये खरं," त्या म्हणाल्या. "लिवलंय बरं. पर शेवट चुकलाय. तिनं पळायचं न्हवतं. जितं बांधलं तितंच काढायचं."

त्यांची गाडी आली आणि त्या गेल्या. मी बसून राहिले. समोर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मागे भाताची खाचरं हिरवी होती. मी विचार करत होते की पुढच्या काळाच्या गोष्टी लिहिणारे सगळा पुढचा काळ शहरात ठेवतात आणि आम्हाला मागच्या काळात. जणू आमचा डोंगर ही दमलेल्या माणसांची विश्रांतीची खोली आहे. त्या खोलीच्या चादरी धुवायला मी रोज जाते. धरणासाठी गावं आमची हलली, रस्त्यासाठी डोंगर आमचे फुटले, आणि माणसाचा ठिपका करून बघायचं ठरलं तेव्हा पहिला ठिपका मावशींचा झाला. पुढचा काळ आमच्याकडे आधी येतो. त्याची गोष्ट सांगताना आमच्या तोंडी एखादं वाक्य तरी द्यायला हवं होतं. त्या म्हातारीला अख्ख्या शेवटात एक शब्द नाही. ती फक्त भाकरी देते.

तरीही ते पुस्तक मी वाईट म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर भांडेन. मी नंतर ते विकत घेतलं, आणि शेवटच्या पानाखाली पेन्सिलने मावशींचं वाक्य लिहिलं. लेखकाला कळणार नाही. न कळू दे.

मावशींनी पुढच्या वर्षी काम सोडलं. गुडघ्यांनी साथ दिली नाही. मधूनमधून फोन येतो, नातू लावून देतो. टेकाडावरूनच.

मला मात्र गेल्या दिवाळीनंतर केबिनमध्ये बोलावणं आलं. मॅनेजर तेच. आता आमच्यात एक प्रकारची ओळख झाली आहे, वैर म्हणावं असं काही उरलेलं नाही. म्हणाले, "तुम्हाला बायका मानतात. सुपरवायझर व्हा. लॉन्ड्रीतून सुटका होईल. खुर्ची, पंखा सगळं."

"काम काय असेल?"

त्यांनी टीव्हीकडे हात केला. हिरवे ठिपके हळूहळू सरकत होते. एक पिवळा होता, दुसऱ्या मजल्यावर. "याच्यावर लक्ष ठेवायचं. कुणी थांबलं तर फोन करून विचारायचं."

मी त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघितलं. कोण असेल ते मला माहीत होतं. तिला नुकतेच दिवस गेले होते आणि तिने ते माझ्याखेरीज अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

"मजल्यावर फिरून बघायचं असेल तर होते," मी म्हटलं. "इथं बसून नाही."

"अहो, फिरायची गरजच काय? सगळं इथे दिसतं."

"मला नाही दिसत."

ते थोडे वैतागले, थोडे हसले. "विचार करा. घाई नाही."

"केलाय विचार."

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवायला बसत होता. पंखा सोडलास म्हणजे, एवढंच म्हणाला. मग ताटात भात वाढून घेताना म्हणाला, आज कारखान्याच्या गेटवर त्यानेच विचारलं, आमचे चेहऱ्याचे फोटो कुठं जातात म्हणून. काय म्हणाले, मी विचारलं. काही नाही म्हणाले, तो म्हणाला, पण मागचे दोघं पण थांबले ऐकायला.

सोमवारी मी लॉन्ड्रीत गेले तेव्हा शनिवार-रविवारच्या गर्दीच्या चादरींचा ढीग माझ्या खांद्याला लागत होता. मी बाह्या वर केल्या आणि पहिली मशीन भरायला घेतली.